तीन अर्ज, तीन विषय आणि एकच एच-इंडेक्स

तुमचा प्रश्न असा: महाविद्यालयाने यंदापासून ‘उत्कृष्ट संशोधक’ पुरस्कार सुरू केलाय, समितीत तुम्हाला घेतलंय आणि पुढ्यात तीन अर्ज आहेत. जीवरसायनाच्या मॅडमचा एच-इंडेक्स, म्हणजे पेपरांना दुसऱ्यांनी किती संदर्भ दिले यावरून काढलेला आकडा, ११, गणिताच्या सरांचा ४, मराठीच्या मॅडमचा ०. प्राचार्य म्हणतात, आकडा आहे ना, मग लावा आणि विषय मिटवा. तुम्हाला ते पटत नाही, पण बैठकीत बोलायला मुद्दा हवाय. अर्जांसोबतच्या याद्या नावं झाकून पाठवल्यात ते बरं केलंत, नाहीतर सगळं हवेत बोलावं लागलं असतं.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं होतो. शेवटची पंधरा वर्षं जवळजवळ हेच काम केलं: कॅसच्या (बढतीच्या) फायली, नॅकचे (मूल्यांकनाचे) अहवाल, एनआयआरएफचे (क्रमवारीचे) तक्ते, आणि ‘माझा तेवढा एच-इंडेक्स काढून द्या ना’ म्हणत मुलाखतीच्या आदल्या दुपारी येणारे प्राध्यापक. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. ११ वजा ४ ही वजाबाकी करू नका. त्या सातांतला मोठा भाग दोन विषयांच्या चालीरीतींचा आहे, दोन माणसांचा नाही. आणि तिसऱ्या अर्जातलं शून्य हे मोजमापच नाही. संदर्भ मोजणाऱ्या यंत्राला ते काम दिसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

एच-इंडेक्स काढायला कॅल्क्युलेटरही लागत नाही. पेपर सायटेशनच्या, म्हणजे दुसऱ्यांनी दिलेल्या संदर्भांच्या, उतरत्या क्रमाने मांडायचे आणि मोजत खाली यायचं. सरांची यादी आहे ३१, १२, ६, ४, २, ०. चौथ्या पेपरला चार सायटेशन आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून ४. मॅडमची यादी ९६, ६१, ४४, ३८, ३०, २४, १९, १७, १४, १३, १२, ९, ९, ५. अकराव्याला १२ आहेत, बाराव्याला ९च, म्हणून ११. ही युक्ती २००५ साली होर्हे हर्श या सॅन दिएगोच्या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली, आणि मांडली ती मुख्यतः भौतिकशास्त्रज्ञांसाठी. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या सहयोगी प्राध्यापकाला साधारण १२, प्राध्यापकाला १८, असे त्याचे अंदाज होते. आपल्याकडे लोक ते १२ आणि १८ उचलून कुठल्याही विषयाला लावतात. त्याच निबंधात पुढे काय आहे ते मात्र वाचत नाहीत. भौतिकशास्त्रात सगळ्यात वर त्याला एडवर्ड विटन सापडले, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, १९१. विटन हे फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालेले एकमेव भौतिकशास्त्रज्ञ. स्नायडर त्यांच्या पावणेदोनपट मोठे, असं हर्श म्हणाला नाही. जीवशास्त्रात आकडेच मोठे येतात, एवढंच त्याने नोंदवलं. म्हणजे तुमच्या प्राचार्यांना द्यायचं उत्तर एच-इंडेक्सच्या जन्मदाखल्यावरच लिहिलेलं आहे.

आकडे मोठे का येतात? लग्नातली आहेराची वही आठवा. एका घरी हजार पानं उठतात आणि प्रत्येक जण पाकीट देतोच, दुसऱ्या घरी चाळीस माणसं, तीही जवळची. दोन्ही वह्यांची बेरीज लावून कुठल्या घराची समाजात जास्त किंमत हे कोणी ठरवत नाही. सायटेशन हा असाच आहेर आहे. जीवरसायनाच्या पेपराखाली चाळीस-पन्नास संदर्भ सहज असतात, गणिताच्या पेपराखाली पंधरा-वीस. जीवरसायनात काम करणारी माणसं किती तरी जास्त, पेपर जास्त, आणि संदर्भ बहुतेक गेल्या पाच-सात वर्षांतले. गणितात पन्नास वर्षांपूर्वीचं प्रमेय आजही ताजं असतं, म्हणून पेपराला मिळायचा आहेर उशिरा आणि थेंबाथेंबाने येतो. शिवाय प्रयोगशाळेत एका पेपरावर दहा-बारा नावं असतात आणि प्रत्येकाच्या वहीत पूर्ण रक्कम जमा होते. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अॅटलास आणि सीएमएस या दोन गटांनी हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एकत्र पेपर छापला. ३३ पानं, त्यातली ९ मजकूर आणि संदर्भांची, उरलेली २४ नावांची आणि संस्थांची. लेखक ५,१५४. त्या पेपराचं प्रत्येक सायटेशन ५,१५४ वह्यांत चढतं.

ज्यांच्या नावाने तो कण ओळखला जातो त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ नंतर दहाहूनही कमी पेपर लिहिले. नोबेल मिळालं त्या वर्षी, २०१३ मध्ये, ते म्हणाले होते की आजच्या दिवसांत मला कोणी नोकरी दिली नसती.

आता तुमच्या याद्यांकडे वळू. माझा अनुभव असा की मोजणीतली सगळ्यात मोठी चूक सूत्रात नसते, नावात असते. मी या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका अर्जदाराचा एच-इंडेक्स मी १९ छापून दिला. आडनाव पाटील, आद्याक्षर एस. त्या १९ मध्ये किमान चार पाटील होते: एक नेत्रतज्ज्ञ, एक सिव्हिल इंजिनिअर, एक कापूस-संशोधक आणि आमचे अर्जदार. त्यांचा स्वतःचा होता ६. बिचाऱ्यांनीच बैठकीआधी येऊन सांगितलं, ‘अहो, मी डोळ्यांवर कधीच काही लिहिलेलं नाही.’ तेव्हापासून पेपरांची यादी अर्जदाराने स्वतः सही करून दिल्याशिवाय मी आकडा काढलेला नाही.

आपल्याकडे हा घोळ विशेष होतो. पाटील, जाधव, कुलकर्णी, शिंदे ही आडनावं किती, आणि मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं. लग्नाआधीचे पेपर एका नावावर, नंतरचे दुसऱ्या नावावर, मग स्कोपस या पेपर आणि सायटेशनच्या माहितीकोशात त्यांच्या दोन प्रोफाइल होतात आणि कुठल्याच प्रोफाइलला पूर्ण श्रेय मिळत नाही. तुमच्या जीवरसायनाच्या मॅडमच्या यादीत २००९ पर्यंतचे पेपर वेगळ्या आद्याक्षरांनी आहेत, ते बघा. त्यांचा स्कोपसमधला खरा आकडा ११ पेक्षा जास्तही असू शकतो. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची ओळख पक्की करणारा, सोळा अंकी क्रमांक २०१२ पासून उपलब्ध आहे, फुकट आहे, दहा मिनिटांत निघतो. तिन्ही अर्जदारांना तो काढायला सांगा. स्कोपसला प्रोफाइल जोडून घ्यायची विनंतीही ऑनलाइनच करता येते.

नाव आणि विषय या दोन्ही अडचणी एकाच माणसात बघायच्या तर दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्याकडे बघावं. गोव्यात जन्म, शिक्षण हार्वर्डला, पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवलं, नंतर मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. वडील धर्मानंद पालीचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दोघेही ‘डी. कोसंबी’! कुठल्याही यंत्राने आद्याक्षरावर गोळाबेरीज केली तर बापलेक एकाच खात्यात जाऊन बसतील. एवढ्यावर भागत नाही. मुलाने गणितात लिहिलं, जुन्या नाण्यांची वजनं संख्याशास्त्राने तपासली, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती काढली, प्राचीन भारताच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली. आणि १९४४ साली जनुकांमधलं अंतर काढण्याच्या एका सूत्रावर चार पानांचा निबंध छापला. गुणसूत्रावर दोन जनुकं किती लांब आहेत हे पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून ठरवायचं ते सूत्र. आजही गव्हाचा, भाताचा, हरभऱ्याचा जनुकीय नकाशा करणारे लोक ‘कोसंबी फंक्शन वापरलं’ असं एका ओळीत लिहितात. काही जण १९४४ चा संदर्भ देतात, काही नुसतं नाव लिहून पुढे जातात, कारण संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये तो एक पर्याय असतो, टिचकी मारली की झालं. म्हणजे काम इतकं मुरलं की संदर्भ द्यायची गरजच उरली नाही.

अशा माणसाला कुठल्या विषयात तोलणार? जनुकशास्त्रात तो ‘एका पेपरचा’ संशोधक, इतिहासात पुस्तकांचा, संस्कृतात संपादक. उलट बाजूही आहे. १९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतक या गणितातल्या प्रसिद्ध, न सुटलेल्या कोड्याची सिद्धता म्हणून जे कृषिसंख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं, ते गणितज्ञांना पटलं नाही आणि त्यावरून त्यांची बरीच शोभा झाली. कोणी ‘इथे चूक आहे’ म्हणून संदर्भ दिला तरी यंत्र ते एक सायटेशन धरतं.

नावं साफ झाली की पुढचा प्रश्न कुठल्या वहीत बघायचं हा. अशा तीन वह्या आहेत: वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर. एकाच माणसाचे तिन्हीकडे तीन आकडे येतात, आणि गूगलचा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा, कारण ते प्रबंध, परिषदांचे अहवाल, कोणीतरी चढवलेल्या पीडीएफ असं सगळं मोजतं. त्यात फायदा आहे. संगणकशास्त्रात महत्त्वाचं काम परिषदांत छापतात आणि मानव्यविद्येत पुस्तकांत, ते स्कोपसपेक्षा तिथे बरं दिसतं. तोटा असा की कोण काय चढवतंय यावर कोणाचा पहारा नाही. २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने ‘आइक अँटकेअर’ नावाचा संशोधक शून्यातून उभा केला. यंत्राने लिहिलेले निरर्थक शंभरेक पेपर एकमेकांचे संदर्भ देत नेटवर ठेवले, आणि गूगल स्कॉलरवर त्या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स ९४ झाला. तुमच्या यादीत मॅडमचा ११ स्कोपसचा आहे आणि सरांचा ४ वेब ऑफ सायन्सचा. दोघांनी आपापल्या सोयीने घेतलेत. ही तुलना इथेच बाद होते. सगळ्यांचं एकाच ठिकाणाहून, एकाच दिवशी काढा.

यानंतर खरं काम सुरू होतं, ते म्हणजे विषयाच्या चालीरीतीने भागणं. तत्त्व साधं आहे. त्याच विषयात, त्याच वर्षी, त्याच प्रकारच्या लेखनाला जगात सरासरी किती सायटेशन मिळाली ते बघायचं आणि आपल्या पेपरच्या सायटेशनला त्याने भागायचं. १ आलं तर जगाच्या सरासरीइतकं, २ आलं तर दुप्पट. स्कोपसचा असा आकडा आहे, प्रकाशनाचं वर्ष आणि पुढची तीन वर्षं धरून काढलेला. वेब ऑफ सायन्सच्या कंपनीचाही वेगळ्या नावाने आहे. तुमच्या यादीतले २०१५ चे दोन पेपर घ्या: मॅडमचा ३८ सायटेशनवाला आणि सरांचा १२ वाला. सरासऱ्या मी हिशेब दाखवण्यापुरत्या मनाने घेतोय, खऱ्या तुम्हाला तिथूनच काढाव्या लागतील. समजा जीवरसायनात त्या वर्षीच्या पेपरची सरासरी ३२ आणि सरांच्या शाखेत ७. मॅडमचा येतो १.२, सरांचा १.७. क्रम उलटला. तरी लगेच सरांना पुरस्कार देऊ नका. सरांचे एकूण पेपरच सहा, त्यातला एक ३१ चा. एवढ्या थोड्या पेपरांत एकच सरासरीला हवं तिकडे ओढतो. म्हणून मी सरासरीपेक्षा टक्केवारीतलं स्थान पसंत करतो: ‘हा पेपर आपल्या विषयात त्या वर्षीच्या पहिल्या १० टक्क्यांत येतो.’ हे वाक्य समितीतल्या कोणालाही कळतं आणि एका फुगलेल्या पेपरने बिघडत नाही.

या भागाकारातही एक खाच आहे. विषय ठरतो तो बहुधा नियतकालिकावरून. सरांचा तिसरा पेपर साथरोगाच्या गणिती प्रतिमानावर आहे आणि छापून आलाय जीवशास्त्राच्या नियतकालिकात. तिथे तो जीवशास्त्राच्या सरासरीने भागला जाईल आणि सरांचा आकडा पडेल. दोन विषयांच्या सीमेवर काम करणाऱ्यांचं हे कायमचं दुखणं आहे. असा पेपर दिसला की हाताने बाजूला काढून त्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात. यंत्रावर सोडू नये.

मॅडमच्या यादीतल्या पहिल्या दोन ओळींबद्दलही बोलायला हवं. ९६ वाला पेपर रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या संशोधनाचा आढावा, आहे. रिव्ह्यूला सायटेशन जास्त मिळतात, कारण लोक पंधरा पेपरांऐवजी तो एकच देऊन मोकळे होतात. त्याची तुलना रिव्ह्यूंशीच करा. ६१ वाल्यावर तेवीस लेखक आहेत आणि मॅडम सतराव्या. त्यांनी काम केलंच असणार, पण किती आणि कुठलं, हे विचारण्यात अपमान काही नाही. जीवशास्त्रात पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं, मधल्यांचं कळत नाही. उलट गणितात नावं इंग्रजी वर्णक्रमाने लावायची रीत आहे. तिथे ज्याचं आडनाव डब्ल्यूने सुरू होतं तो वाघ जन्मभर शेवटी बसतो, मग प्रमेय त्यानेच सोडवलेलं का असेना. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या शिक्षकांच्या नेमणूक-बढतीच्या नियमात दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्याला किंवा पत्रव्यवहार करणाऱ्याला ७०, बाकीच्यांना ३०. तीन गणितज्ञांच्या पेपरात हे ३० टक्के कोणाला मिळणार, हे बारशाच्या दिवशीच ठरलेलं असतं.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्राचार्य काढतील, म्हणून सांगतो. युजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात सायन्स सायटेशन इंडेक्स, म्हणजे कोणी कोणाचा संदर्भ दिला याची सूची, उभा केला. इम्पॅक्ट फॅक्टर हा त्याच घरातला. नियतकालिकाचा तो आकडा असतो: मागच्या दोन वर्षांतल्या त्याच्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन मिळाली. कुठली नियतकालिकं मागवायची हे ठरवायला आम्हा ग्रंथपालांना तो कामाचा. त्यावरून माणूस मोजणं म्हणजे गाडीच्या डब्यावरून प्रवाशाची ऐपत ठरवणं. अॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका या स्फटिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या ‘ए’ विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ मध्ये २ च्या आसपास होता, २००९ मध्ये एकदम ४९.९ झाला. संपादकांनी काही जादू केली नव्हती. २००८ मध्ये तिथे जॉर्ज शेल्ड्रिक यांचा शेलएक्स या संगणक-प्रोग्रॅमवरचा लेख आला, आणि तो प्रोग्रॅम वापरणाऱ्या प्रत्येकाने त्याचा संदर्भ दिला. त्या एका लेखाने बाकी सगळ्या लेखकांना पन्नासच्या गादीवर बसवलं. यूजीसीच्या त्याच २०१८ च्या तक्त्यात इम्पॅक्ट फॅक्टर २ ते ५ असेल तर २० गुण वाढतात आणि १० च्या वर असेल तर ३०. म्हणजे शेजारच्याच्या लेखामुळे तुमचे दहा गुण वाढू शकतात. दोन वर्षांची खिडकी गणिताला मुळातच तोकडी पडते. आणि वेब ऑफ सायन्सच्या मानव्यविद्येच्या यादीतल्या नियतकालिकांना तर २०२३ पर्यंत इम्पॅक्ट फॅक्टर देतच नव्हते.

अर्जात ‘इम्पॅक्ट फॅक्टर ७.१’ असं छापलेलं असेल तर तो कोणी दिलाय ते आधी बघा. खरा आकडा क्लॅरिव्हेटच्या, म्हणजे वेब ऑफ सायन्स चालवणाऱ्या कंपनीच्या, जर्नल सायटेशन रिपोर्ट्समधलाच. बाकी कुठल्याशा खासगी संस्थेने पैसे घेऊन दिलेले ‘फॅक्टर’ आपल्याकडे पोत्याने मिळतात. तसंच ‘आयएसएसएन असलेला विशेषांक’. आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. एका दिवसाच्या राष्ट्रीय चर्चासत्रानंतर आलेल्या जाडजूड विशेषांकात शे-दीडशे ‘शोधनिबंध’ मी माझ्या हाताने नोंदवलेले आहेत. यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांची भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा ८८ टक्के हलक्या दर्जाची निघाली. २०१८ मध्ये यूजीसीने ४,३०५ नावं वगळली, मग चांगल्या नियतकालिकांची केअर यादी आली, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातून चालायचं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता नियतकालिक बरं की वाईट हे ठरवायची जबाबदारी संस्थेवर, म्हणजे तुमच्यावर. सगळ्यात सोपी परीक्षा सांगतो: अर्जदाराला त्या पेपरवरचे परीक्षकांचे अभिप्राय मागा. ज्याच्या पेपरची खरोखर तपासणी झाली, त्याच्याकडे ते ईमेल जपून ठेवलेले असतात.

आता मराठीच्या मॅडम. त्यांच्या यादीत तीन पुस्तकं, एका महानुभाव पोथीचं संपादन आणि चौदा लेख आहेत. लेख ‘भाषा आणि जीवन’, ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ अशा ठिकाणचे. यातलं काहीही स्कोपसला दिसलेलं नाही, म्हणून शून्य. तुमची यादी आली तेव्हा मी सहज म्हणून त्यांचं पहिलं पुस्तक शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, शोधलं. नाव टाकून शोधलं तर काहीच येईना. कारण ठाऊकच होतं: मराठीतले बरेचसे जुने प्रबंध श्रीलिपीसारख्या फाँटात टाइप केलेत किंवा स्कॅन केलेत, संगणकाला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. मग विषयावरून वीसेक प्रबंध निवडले, प्रत्येकाची संदर्भसूचीची पीडीएफ उघडली आणि डोळ्यांनी वाचत गेलो. दुपार गेली. नऊ प्रबंधांत ते पुस्तक सापडलं. पाचांत नुसतं सूचीत होतं, चारांत प्रकरणाच्या आत त्यावर चर्चा होती, आणि एकाने तर त्यांचं एक मत खोडायला अकरा पानं खर्च केली होती. अकरा पानं खोडायला लागतात म्हणजे मतात काही दम असणार. हे कुठल्याही निर्देशांकात येणार नाही, पण तुमच्या समितीच्या कागदावर दोन ओळींत येऊ शकतं.

अशा विषयांत बघायच्या गोष्टी वेगळ्या: पुस्तकाची परीक्षणं कुठे आणि कोणी लिहिली, कुठल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागलं, दुसरी आवृत्ती निघाली का, नंतरच्या अभ्यासकांच्या तळटिपांत काय म्हणून येतं. आणि संपादनाला लेखनापेक्षा खालचं समजू नका. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. शेकडो हस्तलिखितं श्लोकाश्लोकाने ताडून पाहिली. विष्णु सुखटणकरांनी आयुष्याची शेवटची अठरा वर्षं त्यात घातली. आज जगात कुठेही महाभारतावर लिहिणारा त्या आवृत्तीवरून लिहितो, पण संदर्भ देतो तो पर्व, अध्याय, श्लोक असा. ते सायटेशन सुखटणकरांच्या खात्यात पडत नाही आणि व्यासांचं खातं नाही! तुमच्या मॅडमचं पोथीसंपादन त्याच जातीचं काम आहे, आकाराने लहान असेल. त्यासाठी महानुभाव साहित्य जाणणाऱ्या बाहेरच्या एका अभ्यासकाचं लेखी मत घ्या. दुसरा रस्ता मला माहीत नाही.

जाता जाता ‘जगातले पहिले दोन टक्के शास्त्रज्ञ’ या यादीबद्दल, कारण तिघांपैकी एकाने ते अर्जात ठळक अक्षरांत टाकलंय. ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून काढतात, विद्यापीठाने दिलेली ती पदवी नव्हे. एच-इंडेक्सपेक्षा ती नक्कीच शहाणी: विषय आणि उपविषय वेगळे काढते, एकट्याने लिहिलेलं आणि पहिल्या-शेवटच्या नावाचं काम वेगळं धरते, स्वतःचेच संदर्भ वगळून आणि धरून असे दोन्ही आकडे देते. पण त्यात एक यादी आयुष्यभराच्या कामाची असते आणि एक फक्त एका वर्षाची. वर्तमानपत्रात दोन्हींची बातमी एकच होते. अर्जातला उल्लेख एका वर्षाचा आहे, मी पाहिलं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. तिघांनाही सांगायचं: गेल्या दहा वर्षांतली तुमची सर्वांत चांगली तीन कामं निवडा आणि प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहा. काय नवीन होतं, तुमचा वाटा काय, पुढे कोणी काय केलं. नोकरीत खंड पडला असेल, बाळंतपण, आजारपण, प्रशासनाचं काम, तेही लिहा, कारण पहिल्या पेपरपासून किती वर्षं झाली याने आकडे फार बदलतात. विज्ञानातल्या दोघांचे आकडे ग्रंथालयाने काढायचे, विषयातल्या टक्केवारीतल्या स्थानासह. मराठीच्या मॅडमसाठी मी केली तशी हातमोजणी. प्रत्येकासाठी बाहेरचा एक जाणकार, अर्जदाराने सुचवलेल्या नावांतला नको. मग समितीने ती नऊ कामं प्रत्यक्ष उघडून बघायची. नऊ कामं म्हणजे एक शनिवार. तुम्हाला गणित कळणार नाही, पण जाणकाराने लिहिलेलं आणि अर्जदाराने लिहिलेलं जुळतं का, हे कळेल. संशोधनाचं मोल कसं ठरवावं यावरचा २०१३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा आणि २०१५ चा लायडनचा, दोन्हींत थोड्याफार फरकाने हेच सांगितलंय. बैठकीत वजन पडावं म्हणून हवं तर त्यांची नावं घ्या.

आणि प्राचार्यांना एकच आकडा हवाच असेल तर तीन रकान्यांत तीन द्या, खाली बेरजेची रेघ मारू नका. रेघ दिसली की कोणीतरी बेरीज करतंच.

आणखी एक. आकडे काढाल त्या दिवसाची तारीख आणि कुठून काढले ते प्रत्येक पानावर लिहा, पडद्याचं चित्र प्रिंट काढून फाइलला लावा. सायटेशन रोज बदलतात. बैठकीला तीन आठवड्यांनी बसाल, तोवर सरांच्या चौथ्या पेपराला आणखी एक आणि पाचव्याला आणखी तीन मिळून त्यांचा ४ चा ५ झालेला असेल, आणि मग आकडा कोणी बदलला यावर अर्धा तास जाईल.